लायबेरियाची शांत

आमचे थोरले दीर, मारुतराव, एका शब्दात फसले आन् माझं भलं झालं. न्हाईतर त्यांच्या हातून माझं भलं व्हायचं कामच न्हवतं.

मारुतरावांनी केडगावात आमच्या घराला खेटून बंगला बांधला. मधलं अंगण दोघा भावांचं. हद्द कुठनं जाती यावरनं त्यांचं आन् आमच्या मालकांचं वाजलं. मारुतरावांनी लगेच इनुसभाई गवंड्याला मधोमध भिंत घालायला लावली. मिटवायला पंच बसले, आबा बसले, आप्पा बसले. चहा आम्ही दोघी जावांनी केला. आम्हाला काय इचारलं, तर साखर कमी का घातली.

माझी जाऊ सोजराबाई. लगीन होऊन आले तवापासनं दुपारच्याला आम्ही तिच्या न्हाईतर माझ्या ओट्यावर शेंगा फोडत बसतो आन् अख्ख्या गावाची उणीदुणी काढतो. भिंत झाली की मला गल्लीला वळसा घालून, मारुतरावांच्या नजरंखालनं जावं लागणार. ते मला जमणारं न्हवतं. भिंत कमरंला लागली त्या दिवशी मी चुलीपुढं बसून रडले आन् भाकर करपली.

बंगल्याची वास्तुशांत राहिली व्हती आन् गुरुजींना सवड न्हवती. त्यात गावातल्या हरिबानं सोसायटीत सांगितलं, की केंद्राच्या पोलिसातली त्याची पोरगी अनुपमा तिकडं आफ्रिकेत, लायबेरियात, शांतीचं काम करून सुट्टीवर आलीय.

मारुतराव घरी येऊन म्हणाले, "पुण्यात बाया शांत करत्यात म्हणं. ही तर परदेशात करून आली. तिलाच बोलवा." वर निरोप धाडला, तिकडं जे घालून केली तेच घालून ये.

अनुपमाला वाटलं सत्कार हाय. बिचारी युनिफॉर्म चढवून, निळी टोपी घालून आली. तवर इकडं आमच्या मालकांनी भिंत पाडायला टिकाव उचलला व्हता, मारुतराव सोवळं नेसून पहार घेऊन आडवे झाले व्हते, आन् इनुसभाई मधी थापी धरून उभे. अनुपमानं शिट्टी मारली. शेजारची म्हस दावं तोडून पळाली, पण हे दोघं जागच्या जागी गप.

मारुतराव सावरले. "ये बाय, समदं साहित्य आणलंय. तिकडं किती शांती केल्या?"

"एकच, मामा. वर्षभर चालली."

"वर्षभर? घर मोठं असंल."

"घर न्हाई मामा, देश होता."

मारुतरावांनी हात जोडले. "आन् यजमान कसे व्हते?"

"बंदुका घेऊन फिरणारे. आधी हत्यारं खाली ठेवायला लावायची, मगच पुढचं."

मारुतरावांना वाटलं विधी सुरू झाला. त्यांनी पहार पाटापाशी ठेवली आन् वर हळदकुंकू वाहिलं. ते बघून आमच्या मालकांनीबी टिकाव ठेवला. थोरल्याच्या मागं राहतो की काय, ही भीती त्यांना जल्मापासनं हाय.

"आता घरातल्या बायांना बोलवा," अनुपमा म्हणाली.

"बायांचं काय काम?"

"तिथंबी समदे हेच म्हणत होते, मामा. बाया बसल्याबिगर शांत लागू पडत न्हाई."

मी थोरल्या दिरांपुढं कवा तोंड उघडलं न्हवतं. पदर सावरून सोजराबाईचा हात धरला. "मला भिंतीत दार पायजे," मी म्हणाले. "न्हाईतर मी मरंन."

"मलाबी," सोजराबाई म्हणाली. "आन् ही मेल्यावर मला कुणाशी बोलायचं? यांच्याशी?"

मारुतरावांनी नारळ उचलून कपाळाला लावला. शांत मोडली तर बंगला बाधंल, म्हणून म्हणाले, बरं, दार ठेवा. इनुसभाईंनी लगोलग विटा काढल्या. मग त्यांनी साधं इचारलं, "कडी कुणाच्या अंगाला लावू?"

"माझ्या," दोघं भाऊ एकदम म्हणाले, आन् एकाचा हात पहारीला गेला, दुसऱ्याचा टिकावाला. अनुपमानं शिट्टी तोंडात धरली.

"थांब गं पोरी," सोजराबाई म्हणाली. "इनुसभाई, दारच नगं. नुसतं भगदाड राहू द्या."

मारुतराव अजून पाव्हण्यांना सांगत्यात, आमची शांत लायबेरियाच्या पद्धतीनं झाली, तिच्यात भिंतीला भोक ठेवत्यात. त्यातनं कुत्री येत्यात, कोंबड्या येत्यात. दुपारी सुपात शेंगा घेऊन मी जाते, आन् आम्ही दोघी पहिल्यांदा मारुतरावांबद्दलच बोलतो.