स्वयंपाकघरापर्यंत

जाड मुठीचा चमचा.

पलंगाला बांधलेली सायकलची घंटी.

भिंतीभर नळाचे पाइप, ज्यांतून पाणी येत नाही.

संडासाच्या दाराबाहेर खोकत उभा असलेला नवरा. "झालं का गं?"

हे सगळं एकाच घरातलं. घर कंडक्टरबाईंचं.

अर्धांगाच्या झटक्यात बाईंची डावी बाजू गेली आणि निम्मीशिम्मी परत आली. नवरा प्लंबर. बाई इस्पितळात होत्या तेव्हाच त्याने पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत भिंतीला धरायला पाइप ठोकले. घरी आल्या आल्या बाई म्हणाल्या, "घर आहे की बस?" धावत्या बसमध्ये दांड्याला हात न लावता तिकिटं फाडत त्यांनी सगळी नोकरी काढली होती. पाइपलाही त्या हात लावत नसत.

त्यांना एकच हवं होतं. दुपारी नवऱ्याने कामावर जावं आणि घर त्यांचं त्यांना मिळावं. तो ऐकेना. शेवटी एवढ्याला कबूल झाला, की पुनर्वसन केंद्रातून पाहणीला येणारी मुलगी 'हो' म्हणाली तर जाईन.

ती आली. झटक्यानंतर माणसं घरात कशी वावरतात, याचा केंद्रात अभ्यास चालला होता. तिने विचारलं, बटण लावता येतं का? नवरा म्हणाला, मीच लावतो. केस विंचरता येतात? मीच विंचरतो. बाई तोंड उघडेपर्यंत पुढचा प्रश्न आलेला असे. मग मुलगीच म्हणाली, करून दाखवा. स्वयंपाकघरात जायचं, चहा करायचा, कुणाच्या मदतीशिवाय.

बाई उठल्या. नवऱ्याचा हात कोपराखाली. मुलगी म्हणाली, काका, असं चालणार नाही, पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा उठल्या, पुन्हा हात. मग त्याने दोन्ही हात पाठीमागे धरले, आणि बाई जरा कलताच खांदा पुढे केला.

"अहो, माणूस आहात की कुबडी?"

"अगं, पडशील."

"पडेन, मग उठेन. गाडी फुल्ल आहे. तुम्ही खाली उतरा."

तो जिन्यात जाऊन उभा राहिला. तिथूनही खोकणं ऐकू येतच होतं.

बाई निघाल्या. मुद्दाम खोलीच्या मधोमध, भिंतीपासून लांब. स्वयंपाकघराच्या दारात डावा पाय उंबऱ्याला अडला. करकचून ब्रेक लागावा तशी जमीन हलली. उजवा हात आपोआप भिंतीकडे गेला आणि पाइप तिथे होता. वाकावं लागलं नाही, ताणावं लागलं नाही. बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. हात मात्र त्यांनी काढला नाही.

चहा झाला. निम्मा कपात, निम्मा ओट्यावर.

मुलगी अडली. म्हणाली, "मावशी, पाइप धरलात. ही मदत धरायची का हो?"

"पाइप मधेमधे बोलतो का?"

"नाही."

"मग कसली मदत?"

मुलगी हसली. दुपारी एकट्या राहू शकतील, म्हणाली. बाईंनी ओट्यावरचा चहा पुसला, सावकाश, एका हाताने. मग जिन्याकडे तोंड करून ओरडल्या, "या वर. आणि उद्यापासून कामाला लागा."

पाइपची उंची नवऱ्याने इस्पितळात घेतली होती, बाई शुद्धीवर नसताना, त्यांच्या कोपरापासून टाचेपर्यंत टेप लावून.