मोडीची वायर

आमच्या ह्यांना अर्धं काम सांगितलं तरी पुरतं. उरलेलं ते स्वतःच्या डोक्यानं करतात, आणि घोळ तिथंच होतो. नाव घेत नाही, पण लिहायला हरकत नाही: गेणू.

दोन हजार सहाची गोष्ट. आळे गावाजवळच्या आमच्या घरात विजेची पाइपातली नवी फिटिंग झाली, दाराला चिमणीच्या आवाजाची बेलसुद्धा लागली. जुनी वायर मात्र लाकडी पट्ट्यांवर तशीच होती. सासऱ्यांनी हौसेनं घातलेली, आतून अस्सल तांब्याची. माझ्या डोळ्यांपुढं लगेच तांब्याचा बंब उभा राहिला. वाटणीत सासूबाईंचा बंब थोरल्या जावेकडं, सखूबाईकडं गेला. तेव्हापासून मी आपली चुलीवर पातेल्यात पाणी तापवतेय. मला बंब हवा होता, बस्स. नारायणगावला कन्हैयालालच्या दुकानात ही वायर मोडीत घालायची आणि बंब आणायचा, असं मी ठरवून टाकलं.

वायरमन बजावून गेला होता, जुन्या लाईनला हात लावू नका, मी येऊन बघतो. पण ह्यांना कुठला दम! लोडशेडिंगच्या वेळेत शॉकची भीती नाही म्हणून शिडी लावली आणि सगळी वायर ओरबाडून काढली. एक टोक मधल्या भिंतीत शिरलेलं होतं. ते ओढून येईना, तेव्हा पकडीनं तोडलं. मग आम्ही दोघांनी बसून वरचं रबर सोललं, कारण जाळलं तर तांबं काळं पडतं आणि दुकानदार नाक मुरडतो. गोणी पलंगाखाली गेली.

संध्याकाळी लाईट आली. भिंतीपलीकडं थोरल्या दिरांच्या, सयाजीभाऊंच्या घरात मात्र अंधार, आणि ते ओट्यावर बसून बोर्डाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

ह्यांचा चेहरा पडला. "आयला, त्यांची लाईन आपल्या घरातनंच जात व्हती की काय?"

आता खरं सांगावं तर वायर परत द्यावी लागणार, म्हणजे माझा बंब गेला. आमचीही लाईट गेलीय असं दिसावं म्हणून मी पटापट सगळे दिवे बंद केले. नव्याकोऱ्या फिटिंगखाली आम्ही कंदील लावून जेवलो. दुसऱ्या दिवशीही तेच. गावभर टीव्ही चालू, आणि आमची दोन घरं भुतासारखी.

नवल एकच वाटत होतं. नळाला पाणी जरा उशिरा आलं तरी अर्ज घेऊन धावणारे सयाजीभाऊ वायरमनकडं काही जाईनात. शिव्या नुसत्या ओट्यावरून.

मग एका संध्याकाळी सखूबाई आली. एरवी कडी वाजवायची, त्या दिवशी बेलचं बटण दाबलं. चिमणी खणखणीत चिवचिवली. मी कंदील घेऊन दार उघडलं.

"काय गं झुंबर, तुमाला बी लाईट न्हाई ना?"

"न्हाई ना जाऊबाई, लई वैताग आलाय."

"मग ही चिमणी?"

"ती सेलवर चालती," मी ठोकून दिलं.

तिनं आत हात घालून भिंतीवरचं बटण दाबलं. ट्यूबलाईट फडफडत लागली. पलंगाखालच्या गोणीतून तांबं लखलखत होतं मेलं.

"आमची वायर तोडली तुमी!"

"तुमची कशी? तुमची लाईट तर तुमच्या मीटरवर असंल ना, जाऊबाई?"

ती नजर चुकवून पदर सावरायला लागली. मला उमगलं. वाटणीनंतर नवा मीटर घेतो असं सयाजीभाऊ म्हणाले होते. भिंतीपलीकडं बघायला कोण गेलं होतं? म्हणजे बिल इतकी वर्षं आम्हीच भरत होतो, आणि पंखा जास्त चालतो म्हणून हे मला बोलत होते!

मला संताप आला. पण तिचा चेहरा असा उतरला होता की मला हसूच फुटलं. मग तीही हसली, आणि हसता हसता मटकन खाली बसली.

"झुंबर, खरं सांगू? आमचा बंब कवाचाच गळतोय. तुला कळू नये म्हणून सकाळी नुसता धूर करते मी."

त्या धुराकडं बघून मी इतकी वर्षं जळत होते!

गोणी आणि गळका बंब, दोन्ही एकाच दिवशी मोडीत गेली. त्यातून दोन्ही घरांत मिळून एकच बंब आला, चांगला मोठा, आणि तो माझ्या दारात बसला. त्यांची लाईट पुन्हा आमच्याकडूनच जाते, पण आता उघड उघड. नवा मीटर घेईपर्यंत, असं ठरलंय. सयाजीभाऊ काही घेत नाहीत, आणि मीही आठवण करून देत नाही. मीटर येईपर्यंत सकाळचं पहिलं कढत पाणी माझं.