चंदेरी सायलेन्सर

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे आणि लोक मला धुरकटी म्हणतात. या नावाचा मला भयंकर राग येतो. जन्मले तेव्हा मी अशी नव्हते!

तेव्हा मी पेट्रोलवर चालत असे. एका सरकारी खात्यात साहेबांना घेऊन फिरत होते आणि माझी काच पुसायला वेगळे फडके होते. मग लिलाव झाला. पोखर्णीच्या भुजंगरावाने मला घेतले. पेट्रोल परवडेना म्हणून त्याने मला डिझेलचे जुने इंजिन बसवले. तेही मी सोसले. पोखर्णी ते परभणी वाटेवर मी नवऱ्या नेल्या, बाळंतिणी आणल्या, नरसिंहाच्या दर्शनाला येणारी माणसे पोचवली. नऊ जणांच्या जागेत सतरा जण बसत. मी कधी कुरकुरले नाही.

पण डिझेलचा भाव चढला आणि भुजंगराव माझ्या टाकीत रॉकेल मिसळू लागला. सिताराम मिस्त्री ओरडायचा, "भुजंगराव, रॉकेल बंद करा, नोझल साफ करून घ्या. लय धूर मारायली गाडी."

"धूर मारायली म्हंजी जोर हाय तिच्यात," हा हसून म्हणे.

कसला जोर? माझा जीव गुदमरत होता! आणि धूर जायचा तो बायनामावशीच्या छातीत. स्टँडवर अगदी माझ्या मागे तिची फुटाण्यांची पाटी असे. दर बुधवारी ती माझ्यातूनच परभणीच्या दवाखान्यात खोकल्याचे औषध आणायला जाई.

त्र्याण्णव साली आमच्या रस्त्यावर धुराची तपासणी सुरू झाली. मला आनंद झाला. वाटले, आता तरी हा माणूस माझी दुरुस्ती करील. त्याने काय करावे? आदल्या दिवशी मला धुतले, झेंडूचा हार घातला आणि सायलेन्सरला चंदेरी रंग दिला! तपासणीच्या साहेबांनी रंगाकडे बघितलेसुद्धा नाही. नळी आत घातली, जोरात रेस द्यायला लावली आणि दंडाची पावती फाडली.

तेवढ्या पैशांत मिस्त्रीने मला दोनदा दुरुस्त केले असते. भुजंगरावाने मात्र माणशी एक रुपया भाडे वाढवले.

बुधवारी मावशी रिकामी बाटली घेऊन चढली.

"रुपाया जास्तीचा द्या, मावशी. धुराचा दंड बसलाय. म्या काय घरून भरू?"

मावशीला खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर म्हणाली, "धूर बी म्याच खायचा, आन् दंड बी म्याच भरायचा व्हय रे भुजंगा?"

मावशीकडे जास्तीचा रुपया नव्हता. ती बाटली घेऊन उतरली आणि माझ्या मागे आपल्या पाटीपाशी जाऊन बसली.

भुजंगरावाने किल्ली फिरवली. मी अडून बसले, सुरूच होईना. पण चौघांनी उतरून धक्का दिला आणि मला निघावे लागले. माझा सगळा धूर तिच्या तोंडावर गेला.

मित्रांनो, उद्या तुमच्या दारी गाडी आली तर तिला हार घातला नाहीत तरी चालेल. तिच्या टाकीत काय ओतता आणि तिच्या मागे कोण बसले आहे, एवढे मात्र बघा. त्या दिवशी मावशी पदर तोंडाला लावून खोकत होती, ते मला आरशात दिसत होते. तो आरसा भुजंगरावाच्या समोरच होता.