पुढच्या मजल्याच्या सळया

उरल्याच्या कारखान्यांत तीस वर्षं मी लोखंड जोडून राहिलो, आन् माझीच पोट्टी तात्यापारा मोहल्ल्यातल्या एका गच्चीवर मले सांगते, "बाबा, हे उडून जाईल." डोकंच सटकलं माझं.

काम विजयाताईंचं. त्यांचा बड्या-पापडाचा, म्हणजे डाळीच्या सांडग्यांचा आन् पापडाचा धंदा गच्चीवरच चालते. सोलरचे पॅनल आठ फूट उंच पाहिजेत म्हणाल्या, म्हणजे खाली सावलीत बाया बसतील. पण स्लॅबले एकही भोक नको, पावसात गळते. मग मी नेहमीसारखे स्टँडच्या पायांवर सिमेंटचे ठोकळे ठेवले. आमच्या धंद्यात सगळे असंच करतात.

पिंकी इंजिनियर झाली, तिनं आकडेमोड करून आणली होती. "ठेंगण्या स्टँडले वजन पुरते, बाबा. आठ फुटांवर वारा खालून शिरते आन् पॅनलले वर उचलते. खाली बाया बसणार आहेत."

"मले लोखंड शिकवू नको," मी म्हटलं.

विजयाताई खाटेवरच्या लुगड्यावर बड्या घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पोट्टी बरोबर बोलून राहिली, हरिदास. हे लुगडं पाहा. आधी कोपऱ्यांवर विटा ठेवायची मी. वैशाखात वारा खालून भरला की विटा राहायच्या जागेवर आन् बड्या शेजाऱ्याच्या अंगणात. आता खाटेलेच बांधते."

मले लाज वाटली, खोटं काहून बोलू?

पिंकीनं गच्चीच्या चार कोपऱ्यांकडे बोट दाखवलं. पुढच्या मजल्यासाठी खांबांतून वर सोडलेल्या सळया होत्या तिथं. "त्यांच्याभोवती काँक्रीट ओतू, त्यात बोल्ट बसवू. स्लॅबले भोकच नको."

ताईंचा हात थांबला. त्या सळया विहंगच्या मजल्यासाठी होत्या. त्यांचा पोरगा आठ वर्षांपासून पुण्यात. गंज चढू नये म्हणून ताई दर पावसाळ्याआधी त्यांना सिमेंटचं पाणी लावत.

"उद्या सांगते," त्या म्हणाल्या. मले लय वाईट वाटलं. माझे ठोकळे पुरले असते तर त्या सळयांना कोणाले हात लावावा लागला नसता.

सकाळी फोन आला. "घे सळया. आठ वर्षं नुसत्या रंगवून राहिली. काही तर उभं होऊ दे त्यांच्यावर."

काँक्रीट ओतून स्टँड उभा केला, आन् मे महिन्यात भर दुपारी अंधड आलं. तेलीबांध्याकडे होर्डिंग आडवं झालं. वारा थांबल्याबरोबर मी आन् पिंकी तात्यापाऱ्यात पोचलो. स्टँड जागचा हालला नव्हता. बाया पाट झटकून परत बसत होत्या.

ताई खाली उभ्या राहून फोनवर बोलत होत्या. "विहंग, तुझ्या मजल्याचे खांब उभे झाले रे. वर छप्परही आहे. भिंती तेवढ्या राहिल्या." त्याचं ऐकून झाल्यावर डोळे पुसून माझ्याकडे वळल्या.

"दिवाळीत येतो म्हणते. इथं भिंती उठवायच्या तर चालन का, हरिदास?"

"मले नका विचारू, ताई," मी म्हटलं. "इंजिनियरले विचारा."