तपासले, ठीक आहे

धावपट्टी संपली तरी विमान थांबलं नाही. कुंपण तोडून ते पलीकडच्या माळावर जाऊन आदळलं आणि उजव्या इंजिनाने पेट घेतला. दुपारचे अडीच वाजले होते, लख्ख ऊन होतं. पुढच्या चार मिनिटांत सात माणसं गेली. त्या सातांतली एक शिट्टी.

हे तिचं खरं नाव नव्हे. प्रवाशांना सूचना देताना तिचा आवाज वरच्या पट्टीत जायचा, म्हणून बरोबरच्यांनी पहिल्याच महिन्यात तिला ते चिकटवलं होतं. नोकरीला लागून जेमतेम आठ महिने झाले होते. त्या दिवशी विमानाच्या मागच्या भागात तिच्या जोडीला ताई होती. ताईने एकोणीस वर्षं विमानात काढली होती आणि वयाने मोठे असलेलेही तिला ताईच म्हणायचे.

ताईच्या बाजूच्या दाराबाहेर ज्वाळा होत्या, त्यामुळे ते उघडणं शक्यच नव्हतं. शिट्टीने डावं दार उघडलं. दार उघडलं की रबरी घसरपट्टी आपोआप फुगून जमिनीला टेकते आणि माणसं तिच्यावरून खाली जातात. ही बाहेर पडली ती रिकाम्या पोत्यासारखी लोंबकळत राहिली. अशा वेळी हाताने ओढायला एक तांबडी मूठ असते. शिट्टीने ती ओढली. मग दाराच्या चौकटीला पाय लावून, दोन्ही हातांनी पुन्हा ओढली. ताई चार हातांवरून बघत होती. पट्टी ढिम्म हलली नाही. शिट्टीने वेळ घालवला नाही. ती वळली आणि ओरडत लोकांना पुढच्या दारांकडे ढकलू लागली. ताईने पुढे होऊन रांग हलती ठेवली. धूर आला तेव्हा मागून शिट्टीचा आवाज येत होता. मग तो येईनासा झाला.

ताईच्या दोन बरगड्या मोडल्या. नवव्या दिवशी कंपनीचे सुरक्षाप्रमुख दवाखान्यात फुलं घेऊन आले. आधी म्हणाले की कंपनी तुम्हाला शौर्याबद्दल गौरवणार आहे, मोठा समारंभ आहे. मग बॅगेतून टाइप केलेला जबाब काढला. फक्त सही हवी होती. ताईने तो शेवटपर्यंत वाचला. त्यात लिहिलं होतं की मागच्या डाव्या दारावरची कर्मचारी नवखी होती, ती गोंधळली आणि तिने मूठ ओढलीच नाही.

"तिने मूठ ओढली. दोनदा," ताई म्हणाली.

"धुरात माणसाला काय काय दिसतं, मॅडम."

"धूर नंतर आला."

ते खुर्ची पुढे ओढून समजुतीच्या सुरात म्हणाले, "जी गेली तिला आता काय फरक पडतो?"

ताईने जबाब आडवा फाडला. हसताना, खोकताना कळ यायची तशी तेव्हाही आली, पण तिने दुसऱ्यांदा उभाही फाडला.

तिच्या रागाला कारण होतं. घसरपट्टी फुगवणाऱ्या नळकांड्यात गॅस किती आहे ते दाखवणारा एक छोटा काटा दारापाशी असतो. या दाराचा काटा हिरव्या पट्ट्याच्या खाली गेलेला ताईने अपघाताआधी तीन आठवडे पाहिला होता आणि बिघाडाच्या वहीत लिहिला होता. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा खाली एकच उत्तर आलं होतं, 'तपासले, ठीक आहे'. ती वही विमानाबरोबर जळाली. तिच्या पिवळ्या नकला कार्यालयात राहतात, पण ताईने घरी आल्यावर चौकशी केली तेव्हा नेमक्या त्याच तीन तारखांच्या नकला सापडत नव्हत्या. शोधू, असं म्हणणारा कारकून जागचा उठलाही नाही.

त्याच आठवड्यात शिट्टीची आई ताईच्या घरी आली. ती कपडे शिवायची. वयाच्या मानाने डोळे पार अधू झालेले. चहाला नको म्हणाली, पाण्याला नको म्हणाली. कंपनीचा माणूस तिच्याकडेही जाऊन आला होता आणि मुलीकडून मानवी चूक झाली, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, असं सांगून तसं लिहिलेलं एक पत्र देऊन गेला होता.

"गल्लीत बायका माझ्याशी बोलत नाहीत," ती म्हणाली. "माझ्या पोरीपायी सहा जण गेले असं झालंय. तू तिथे होतीस. खरं काय ते सांग, मी ऐकून घेईन."

ताईने सगळं सांगितलं. पाय लावून मूठ ओढली तेही सांगितलं. आईने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे चोर तो चोर, वर शिरजोर."

दुसऱ्या दिवशी ताई मास्तरांकडे गेली. मास्तर म्हणजे दुरुस्ती विभागातले सगळ्यांत जुने मेकॅनिक. वहीत ती तिन्ही उत्तरं त्यांच्या सहीची होती. विमानं दुरुस्त करतात त्या हँगरच्या पायरीवर बसून ते हात पुसत होते. ताईला बघून पुसतच राहिले.

"मास्तर, तुमची सही खरी की माझं लिहिणं खरं, एवढंच सांगा."

ते इकडेतिकडे बघून म्हणाले की नवं नळकांडं मागवलं होतं, आलं नाही, आणि विमान एक दिवसही उभं राहणार नाही असं वरून सांगितलं होतं. सुरक्षाप्रमुखांनीच सांगितलं होतं.

"आणि तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं," मास्तर म्हणाले. ताई त्यांना बरं वाटेल असं काही न बोलता उठली.

अपघाताच्या सरकारी चौकशीच्या दिवशी कंपनीचे वकील ताईला दोन तास प्रश्न विचारत होते. मूठ ओढताना दिसली की दिसल्यासारखी वाटली? झोप किती झाली होती? त्या मुलीशी तुमचा विशेष घरोबा होता का? लिहिलं म्हणता, मग कागद कुठे आहे? ताई तेच उत्तर तितक्याच शांतपणे देत राहिली. तेवढ्यात मागच्या रांगेतून मास्तर उठले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. त्यांनी खिशातून एक मळकी डायरी काढली. तीस वर्षं ते रोजचं काम अशा डायऱ्यांत टिपून ठेवत आले होते. या डायरीत तिन्ही तारखा होत्या, विमानाचा क्रमांक होता, काटा किती खाली होता तेही होतं, आणि पुढे, 'साहेब म्हणाले, सोडा'.

"ताईने लिहिलं ते खरं," मास्तर म्हणाले. "माझी सही खोटी."

अहवाल यायला सात महिने लागले. नळकांडं रिकामं होतं, कंपनीला ते ठाऊक होतं आणि मागच्या दारावरच्या कर्मचारी मुलीने आपलं काम शेवटपर्यंत केलं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मास्तरांचा परवाना गेला. सुरक्षाप्रमुखांनी राजीनामा दिला आणि महिन्याभरात ते दुसऱ्या विमान कंपनीत त्याच खुर्चीवर जाऊन बसले. ताईला विमानातून काढून तिकिटांच्या तक्रारी ऐकायला बसवलं, तेव्हा तिने नोकरी सोडली.

शिट्टीच्या आईला मात्र अजून एक गोष्ट हवी होती. आधीचं पत्र कंपनीने लेखी मागे घ्यायला हवं होतं. दोघी सकाळी दहाला कंपनीच्या कार्यालयात गेल्या. खालच्या मजल्यावर तिकिटांची रांग होती. पत्र टपालाने येईल असं त्यांना सांगण्यात आलं. आई खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "आम्ही थांबतो."

दीडला पत्र आलं. ताईने वाचून दाखवलं. आधीच्या पत्रामुळे गैरसमज झाला असल्यास खेद आहे, असं होतं.

"गैरसमज नव्हता, खोटं होतं," आई तिथल्या अधिकाऱ्याला म्हणाली. "आमच्याकडे माप चुकलं की उसवून परत शिवतात. शिवा."

तो वर गेला. चारला दुसरं पत्र आलं, सहीशिक्क्यासकट. आईने ते हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, आणि ताईकडे दिलं.

"मोठ्याने वाच," ती म्हणाली. "या सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

रांगेतली माणसं वळून बघू लागली. अधिकारी, मॅडम इथे नको, असं काहीतरी पुटपुटला. ताई उभी राहिली आणि 'आमचे आधीचे पत्र खोटे होते' या पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.