तपासणीपुरती जाळी

जोतीरामने गाडीखालून काळा हात बाहेर काढला.

"तात्या, पोतं द्या हिकडं."

मोहनरावांनी पिकअपच्या हौद्यातून खताचं पोतं उतरवलं. आत सायलेन्सरची जाळी होती, लोखंडी आणि जड. धूर गाळणारी ती जाळी तीन वर्षांपूर्वी इंदापूर स्टँडमागच्या याच गॅरेजात जोतीरामनेच काढून दिली होती. ती सारखी चोंदायची आणि पेरूचे क्रेट भरलेली गाडी चढाला दम टाकायची. जाळी काढून तिथं साधा पाईप बसवला तशी गाडी पळायला लागली. मीटरवर एक पिवळा दिवा पेटून राहिला होता, तोही जोतीरामने लॅपटॉप लावून घालवला. पीयूसीचा कागद तर नंबरप्लेटच्या फोटोवरच मिळायचा.

"टेस्टिंग अकराला न्हवं? तासाचं काम," जोतीराम खालून म्हणाला. "दुपारी या, परत काढून देतो. कुणाला पत्ता लागायचा न्हाय."

बाहेर बाकड्यावर बिरू आणि अप्पा चहा पीत होते. दोघांकडे याच कंपनीच्या गाड्या होत्या. महिनाभर तालुक्यात दुसरा विषय नव्हता. कंपनीने गाडीच्या कंप्युटरमध्येच अशी खोड घालून ठेवली होती, की तपासणीच्या मशीनवर धूर स्वच्छ आणि रस्त्यावर कसाही.

"गाडी लई वळणाची," बिरू म्हणाला. "साहेब दिसला की डोईवर पदर. साहेब गेला की धुराळा."

"तुला काय करायचंय? अॅव्हरेज देती न्हवं?" अप्पा म्हणाला.

"माझ्या मेंढ्या खोकत्यात."

"त्या तुझ्या बिडीनं खोकत्यात."

दोघे हसले. मग मोहनरावांकडे लक्ष गेलं तसा बिरू बाकड्यावर सरकला.

"बसा, तात्या."

मोहनराव बसले नाहीत. पोतं हातातच होतं.

सुयोग फाईल घेऊन आला. मोहनरावांच्या चुलतभावाचा मुलगा, बारामतीच्या कोर्टात वकिली करायचा. चाळीस गाडीमालकांची तक्रार त्यानेच लिहिली होती. आज बाजार समितीच्या आवारात तपासणीची व्हॅन येणार होती.

"तुमची गाडी पहिली लावायची," तो म्हणाला. "काकूंचं नाव पहिल्याच पानावर घातलंय."

त्याने पान पुढे धरलं. प्रयागबाई, वय चौपन्न, फुप्फुसांचा आजार. खाली मृत्यूची तारीख होती. त्या गोष्टीला अजून सात महिनेही झाले नव्हते. मोहनरावांनी बायकोच्या नावावरून अंगठा फिरवला.

"ह्या गाडीनंच झालं, असं डॉक्टर म्हनले न्हाईत."

"आपण तसं म्हणतच नाही. गाडी रोज दारात उभी होती, एवढंच. साहेब फक्त विचारणार, गाडी कंपनीतून आली तशीच आहे का. तुम्ही हो म्हणायचं."

"अन् न्हाय म्हटलं तर?"

सुयोगने गाडीखालून बाहेर आलेल्या जोतीरामच्या पायांकडे पाहिलं. आवाज खाली आणला.

"तर कंपनीचा वकील म्हणेल, लोकांनीच गाड्या बिघडवल्या. चाळीस जणांचं नुकसान होईल, तात्या. आणि कंपनीनं फसवलं हे खरंच आहे ना?"

"खरंच हाय."

"मग?"

मोहनरावांची नजर गाडीच्या मागच्या फाळक्यावर गेली. गाडीचा स्टार्टर कधीकधी धरायचा नाही. म्हणून रोज पहाटे माल भरेपर्यंत ते इंजिन चालूच ठेवायचे. प्रयागबाई मागं उभी राहून क्रेट वर द्यायची. एका हाताने पदर नाकाला लावायची, पण क्रेटला दोन्ही हात लागायचे.

"बंद करा की जरा," ती म्हणायची.

"परत लागायची न्हाय."

पुढं पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात धूर कसला असतो? मोहनराव लगेच म्हणाले होते, चूल हाय. घरात दहा वर्षं गॅस होता. चूल पेटायची ती दिवाळीच्या अंघोळीला. प्रयागबाईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मग खिडकीकडे तोंड केलं होतं.

"तात्या, पोतं," जोतीरामने हाक मारली. "दुपारी काढतोच म्हनलं न्हवं."

मोहनरावांनी पोतं पुन्हा हौद्यात ठेवलं.

"वर ये, जोतीराम. हाय तोच पाईप आवळ."

आवारात गाडी व्हॅनच्या मागं उभी राहिली तेव्हा चाळीसातले बरेच जण जमले होते. इंजिन चालू होतं. तरुण साहेबाने कागद पुढे घेतला आणि विचारलं, गाडी कंपनीतून आली तशीच आहे का? मोहनराव खाली उतरले. पोतं त्यांनी साहेबाच्या पायाशी ठेवलं आणि काहीतरी म्हणाले.

"काका, ऐकू येत नाही. गाडी बंद करा आधी."

मोहनराव गाडीकडे वळले. मग खिडकीतून हात घालून त्यांनी किल्ली फिरवली. आवार एकदम शांत झालं.

"जाळी काढल्याली हाय. मी काढाय लावली. तीन वर्सं झाली."

मागून कुणीतरी म्हणालं, "बुडवलं म्हाताऱ्यानं." सुयोगने फाईल मिटली. अप्पा आपल्या गाडीच्या सायलेन्सरकडे बघत राहिला.

"मग ही गाडी तक्रारीत बसणार नाही," साहेब म्हणाला.

"नसंना का. अजून एक लिवा. दवाखान्याच्या कागदावर चूल लिवलीय. चूल न्हवती."

"ते आमच्याकडे नसतं, काका. त्याला रकाना नाही."

"कडंला लिवा."

साहेबाने सुयोगकडे पाहिलं. सुयोगने मान खाली घातली होती. साहेबाने कागदाच्या कडेला दोन शब्द लिहिले आणि कागद उलटा करून मोहनरावांना दाखवला. त्यांनी तो वाचला. पुन्हा वाचला.

मागची गाडी हॉर्न देत होती. मोहनराव आत बसले, किल्ली फिरवली. स्टार्टर धरला नाही. त्यांनी परत फिरवली नाही. नुसते आरशात बघत राहिले.

आरशात बिरू आला. प्रयागबाई उभी राहायची तिथंच उभा राहून त्याने गाडी ढकलायला फाळक्याला दोन्ही हात लावले.

"दुसरा गेर टाका, तात्या," तो ओरडला. "अन् माझा नंबर येईस्तोवर थांबा, मलाबी सांगायचंय. माझ्याबी गाडीला जाळी न्हाय."