कवळीवाल्याचं पिल्लू

थोरल्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी कवळीवाल्याने सख्ख्या थोरल्या भावाशी, दादाशी, बोलणं टाकलं. कारणही लग्नातच घडलं. दादा चार शब्द बोलायला उभा राहिला, तिसऱ्याच शब्दाला त्याची कवळी सुटली आणि थेट विहीणबाईंच्या मांडीवर जाऊन बसली. सगळं सभागृह हसलं. "कोणी बनवली हो?" कुणीतरी विचारलं, आणि दादाने बोळक्या तोंडाने धाकट्याकडे बोट केलं.

"कवळी घट्टच होती. तोंड सैल आहे त्याचं," कवळीवाला तेव्हापासून म्हणायचा.

पुढे दादाने अंथरूण धरलं. बायको रोज सांगायची, "जाऊन या हो. माणूस आज आहे, उद्या नाही."

हा साच्यात प्लास्टर ओतत म्हणायचा, "माझ्या मनात नुसता राग आहे. राग घेऊन आजाऱ्याकडे जाऊ नये."

जावई एका दवाखान्यात कामाला होता. तिथे माणसाच्या डोळ्यांवर एक खोकं बांधायचे. मनगटावरचा पट्टा नाडी बघायचा आणि मनात जे असेल ते जनावर होऊन समोर यायचं. रागाचा बैल, भीतीचा ससा. एका रविवारी त्याने ते खोकं आणून सासऱ्याच्या डोक्यावर चढवलं.

"बाबा, आता मोठ्या काकांना आठवा."

कवळीवाला बाह्या सरसावून बैलाची वाट बघत उभा राहिला. बैल काही येईना. आलं ते कुत्र्याचं पिल्लू, आणि कुंई कुंई करत पायात घोटाळायला लागलं.

"हे माझं नाही! आधीच्या पेशंटचं राहिलं असेल. हाड! हाड!"

घरच्यांना पिल्लू कुठलं दिसायला? त्यांना दिसला तो रिकाम्या फरशीला हाकलणारा म्हातारा. तो टेबलावर चढला, प्लास्टरचं घमेलं लवंडलं आणि तयार कवळ्या खोलीभर घरंगळल्या.

"खाली बसून वाट बघतंय मेलं! पिल्लू म्हणजे काय रे?"

"जीव असणं, बाबा. माणूस हवासा वाटणं."

"यंत्र बिघडलंय तुझं."

"यंत्र कशाला बिघडेल?" बायको कवळ्या वेचत म्हणाली. "रोज संध्याकाळी दादांच्या घराकडे तोंड करून खिडकीत उभे राहता, ते काय बैल बघायला?"

म्हाताऱ्याने खोकं काढलं, टेबलावरून खाली उतरला आणि म्हणाला, "त्याची कवळी तपासून येतो. कामासाठी जातोय हं, नुसतंच कामासाठी."

जावयाला खोक्यासकट घेऊन तो गेला. दादाच्या तोंडातली कवळी काढून त्याने नीट करून बसवली. तोवर दादाने जावयाकडून पिल्लाची हकिकत ऐकून खोकं हिसकावून डोळ्यांवर लावलंही होतं.

"अरे, इथे दोन पिल्लं आहेत. दुसरं तुझं दिसतंय, माझ्या चपला खातंय. घेऊन जा."

"राहू दे तुझ्याकडेच."

दादा असा काही हसला, की जावयाने लग्नातली आईची मांडी आठवून आपली मांडी आवरली. कवळी मात्र जागची हलली नाही.

"सांगत नव्हतो, घट्ट होती म्हणून!" कवळीवाला म्हणाला.

त्याच वर्षी, थंडी सुरू झाल्यावर, एका मंगळवारी सकाळी दादा वारला. कवळी तोंडातच होती.